इंग्रजीचा सारांश आधी मराठीत होऊ द्या

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक न वाचलेला उतारा येतो. त्याचा सारांश लिहायचा आणि त्याला शीर्षक द्यायचं. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मुलं हा प्रश्न कसा सोडवतात ते पाहायचं असेल तर उत्तरपत्रिका उताऱ्याशेजारी ठेवून बघा. पहिली ओळ जशीच्या तशी. मग मधल्या दोन ओळी. मग शेवटची. शीर्षक म्हणून उताऱ्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, अक्षरही नेटकं. तपासणाऱ्याला चूक काढायला जागाच नाही, म्हणून तो मार्क देतो. मुलगा पास होतो, शाळेचा निकाल चांगला लागतो. उताऱ्यात काय म्हटलं होतं हे त्याच मुलाला बाहेर गाठून विचारलं, तर मात्र तो खाली मान घालून उभा राहतो.

इंग्रजी शिकवणारे आम्ही सगळे हे वर्षानुवर्षं बघतोय. पोरांना इंग्रजी येत नाही, मग सारांश कुठून येणार, असं म्हणून आम्ही विषय संपवतो. मला हे कारण पटत नाही. सारांश काढणं ही आधी समजण्याची गोष्ट आहे, आणि समजण्यासाठी मुलाकडे एक भाषा आधीच असते, ती म्हणजे घरात बोलली जाणारी मराठी. त्या मराठीला इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर उभं करून आपण मुलाच्या हातात नक्कल करण्यावाचून दुसरं काही ठेवत नाही. वर परीक्षेत त्या नकलेलाच मार्क देतो. या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात, आणि बदलता येतात.

सारांश म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, यावर ॲन ब्राऊन आणि जीन डे या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांपासून कॉलेजच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळे सारांश कसा करतात हे त्यांनी तपासलं. बिनमहत्त्वाचं गाळणं, तेच तेच पुन्हा आलेलं गाळणं, हे लहान मुलांनाही जमत होतं. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा अशी यादी आली की तिच्या जागी ‘पिकं’ एवढा एकच शब्द ठेवायचा, हे जरा मोठं झाल्यावर येत होतं. उताऱ्यातलं मुख्य वाक्य हुडकणं त्याहून अवघड. आणि मुख्य वाक्य उताऱ्यात लिहिलेलंच नसेल तर ते स्वतः तयार करणं सगळ्यात अवघड, इतकं की कॉलेजातल्या मुलांचीही तिथे अडचण होत होती. लहान मुलांची ठरलेली पद्धत होती ती उतरवत जायचं आणि गाळत जायचं, एवढीच.

ही मुलं आपल्या शाळेच्या, रोजच्या वापराच्या भाषेत वाचत होती, हे इथे विसरू नये. आमच्या भोकरदनच्या, गेवराईच्या, कळमनुरीच्या मुलाला हेच काम परक्या भाषेत करायचं असतं. तो उतरवतो आणि गाळतो, म्हणजे पहिल्या पायरीवर उभा आहे. आळशी म्हणून किंवा चोर म्हणून तो तिथे थांबलेला नाही. पुढच्या पायऱ्या त्याला कुणी दाखवलेल्याच नाहीत. पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन आता पंचवीस वर्षं झाली. २००० साली तो निर्णय झाला. दहावीला पोचेपर्यंत मूल दहा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसलेलं असतं. त्या दहा वर्षांत ‘उतारा मिटून ठेव आणि सांग’ असं त्याला किती वेळा सांगितलं गेलं, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने आपल्याच वर्गाला विचारून बघावा.

एक उदाहरण जवळून दाखवते. वर्गासाठी मी एक छोटा इंग्रजी उतारा लिहिला होता, दुष्काळ आणि स्थलांतर या विषयावर. त्यात एक वाक्य होतं: ‘ओइंग टू द फेल्युअर ऑफ द मान्सून, मेनी फॅमिलीज आर फोर्स्ड टू मायग्रेट एव्हरी इयर.’ हेच तुमच्या शब्दांत लिहा, असं सांगितलं. हुशार समजल्या जाणाऱ्या एका मुलाने लिहिलं: ‘ड्यू टू द फेल्युअर ऑफ द रेन, मेनी हाउसेस आर कम्पेल्ड टू मायग्रेट इच इयर.’ प्रत्येक शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवायचा, हे त्याने क्लासमध्ये शिकलेलं होतं. वाक्याचा सांगाडा हललाच नाही. ‘फॅमिली’च्या जागी ‘हाउस’ बसवल्याने आता पाऊस पडला नाही म्हणून घरंच्या घरं उठून चालू लागली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो शब्दांकडे बघत होता. त्या शब्दांमागची माणसं त्याला दिसतच नव्हती. ही माणसं त्याच्या गावची होती, कदाचित त्याच्या गल्लीतली.

मग मी सगळ्यांना कागद उलटे ठेवायला सांगितले आणि विचारलं, लिहिणारा काय म्हणालाय? मराठीत सांगा, घरी सांगता तसं सांगा. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी इंग्रजीच्या तासाला कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, ‘मॅडम, पाऊस पडंना म्हणून लोकं कारखान्याला जायलेत, अन् लेकरांची शाळा सुटायली.’

एवढ्या एका वाक्यात काय काय झालं ते बघा. पावसाचं कारण उताऱ्याच्या पहिल्या परिच्छेदात होतं, शाळा सुटण्याची गोष्ट पार तिसऱ्यात. या मुलीने ती दोन टोकं एकत्र बांधली. मधली गावांची यादी तिने गाळली. दोन्ही गोष्टींना जोडणारं वाक्य उताऱ्यात कुठेच नव्हतं, ते तिने स्वतः घडवलं. म्हणजे ब्राऊन आणि डे यांनी सगळ्यात अवघड ठरवलेली पायरी ती मराठीतून चढून गेली होती. इंग्रजीत लिही म्हटल्यावर तिने लिहिलं: ‘नो रेन. पीपल गो टू शुगर फॅक्टरी. चिल्ड्रन लीव्ह स्कूल.’ व्याकरणाचा तपासनीस इथे लाल पेन काढेल. मला विचाराल तर त्या दिवशी वर्गात लिहिला गेलेला तो एकमेव खरा सारांश होता.

त्यातही एक खोट होती, आणि पुढचं शिकवणं त्या खोटीपाशीच सुरू झालं. मी तिला विचारलं, कारखाना उताऱ्यात आहे का? ती म्हणाली, लोक जातात ते कारखान्यालाच की. बरोबर आहे, बीड जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला वेगळं सांगायला नको. ऊसतोडीतले कोयता, उचल, मुकादम हे शब्द तिने पुस्तकातून शिकलेले नाहीत. पण लिहिणाऱ्याने तसं म्हटलंय का? तिने कागद सुलटा केला, बोट ठेवत सगळा वाचला आणि म्हणाली, नाही म्हटलं. मग ‘शुगर फॅक्टरी’ खोडून तिने ‘अदर प्लेसेस’ लिहिलं. उताऱ्याकडे ती स्वतःहून परत गेली होती, आणि या वेळी एक ठरावीक गोष्ट शोधायला गेली होती. आपल्याला माहीत असलेलं वेगळं आणि समोरचा म्हणतोय ते वेगळं, हा फरक तिला कळला. दुसऱ्याचं म्हणणं त्यात आपलं न मिसळता सांगायचं, ही शिस्त इंग्रजीपेक्षाही मोठी आहे. वर्तमानपत्राच्या वार्ताहरापासून ग्रामसभेत ठराव वाचून दाखवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती लागते.

‘इंग्रजीच्या तासाला मराठी नको’ हा आग्रह धरणारे आमच्यात बरेच आहेत. कानावर फक्त इंग्रजी पडली तरच इंग्रजी येते, असं त्यांचं म्हणणं असतं. ज्या घरात टीव्हीवर, फोनवर, आईवडिलांच्या तोंडात इंग्रजी असते, तिथल्या मुलांपुरतं ते खरंही असेल. परतूरच्या किंवा औंढ्याच्या मुलाच्या कानावर दिवसभरात पडणारी इंग्रजी म्हणजे त्या एका तासिकेतली. त्या तासिकेतही मराठी बंद केली की मूल गप्प बसतं आणि शिक्षकच बोलत राहतो. या आग्रहाचा परिणाम आम्ही पाहिलाय: शिक्षक इंग्रजीत समजावतो, मूल मान डोलावतं, आणि संध्याकाळी गाइड उघडून मराठी भाषांतर वाचतं. म्हणजे मराठी येतेच, फक्त चोरून येते, आणि दुसऱ्याची तयार मराठी येते. त्यापेक्षा मुलाची स्वतःची मराठी वर्गात उघडपणे आलेली काय वाईट? ती प्रमाण नसेल. ‘जायलेत’, ‘सुटायली’ असेल. असू द्या.

उलट बाजूने, आधी व्याकरण पक्कं होऊ द्या, मग सारांशाचं बघू, असंही सांगितलं जातं. ते ‘मग’ कधी उजाडत नाही. बारावी होते, बीए होतं, मुलगा काळ आणि प्रयोग यांचे तक्ते पाठ म्हणून दाखवतो आणि एक परिच्छेद वाचून चार वाक्यं सांगू शकत नाही. व्याकरणाची गरज मुलाला तेव्हा कळते जेव्हा त्याच्याकडे सांगायला काही असतं आणि ते नीट सांगता येत नाही. ‘पीपल गो’ लिहिणाऱ्या त्या मुलीला ‘आर गोइंग’ आणि ‘हॅव गॉन’ यांतला फरक हवा होता, कारण लोक गेलेत की दरवर्षी जातात हे तिला सांगायचं होतं. त्या दिवशी तो फरक समजावायला वेगळा धडा लागला नाही.

मराठवाड्यात ही गोष्ट जास्त तातडीची का आहे, याचं कारण आपल्या इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आपलं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. मधल्या शतकात इंग्रजी वाचून, तिच्यातलं मराठीत आणून, तिच्याशी भांडून पुण्या-मुंबईकडे जी पिढ्यान्पिढ्यांची सवय झाली, ती इकडे व्हायला वेळच मिळाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. घरात पुस्तक नसलेल्या मुलांना उच्च शिक्षणाचं दार इथेच उघडावं, हा त्यामागचा हेतू होता. ते दार उघडून पाऊणशे वर्षं झाली, तरी आत येणाऱ्या मुलांत घरातला पहिलाच शिकणारा आजही मोठ्या संख्येने असतो. त्याला इंग्रजी पुस्तकाचा अर्थ सांगायला घरात कुणी नाही.

आपल्याकडचा महत्त्वाचा कागद कायम दुसऱ्याच्या भाषेत राहिला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी वाचू शकणारी माणसं शोधावी लागली. घराण्याची नोंद ट्रंकेत आहे, पण तिच्यात काय लिहिलंय ते सांगायला दुसरा हवा, अशी कितीतरी घरं होती. आज त्या जागी इंग्रजी आलीय. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निकाल इंग्रजीत. दवाखान्यातून मिळालेलं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. विम्याच्या अटी बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. घरातलं शिकलेलं पोरगं बोलावलं जातं: ‘बघ रं, काय लिहिलंय.’ पोरगं वाचून दाखवतं, सफाईने वाचतं, आणि गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हे सांगताना चाचरतं. त्याच्याकडून शब्दशः भाषांतर कुणालाच नको असतं. काय करायचं, किती दिवस, कधी परत दाखवायचं, एवढं त्याने चार वाक्यांत सांगावं ही अपेक्षा असते. सारांश शिकवायचा तो याच्यासाठी. शाळेतला सारांशाचा प्रश्न या प्रसंगाशी जोडला तर मुलांना त्याचा उपयोग सांगत बसावं लागत नाही.

आणि हे कसब मराठवाड्याला नवं नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या निरूपणातून दृष्टांतपाठ तयार केला. त्याची बांधणीच अशी आहे की आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्या दृष्टांताचा लावलेला अर्थ. ऐकलेल्यातलं सार कशात आहे हे ओळखल्याशिवाय असं पुस्तक होत नाही. आजही गावात सप्ताह बसतो, कीर्तन ऐकून घरी आलेली आजी सुनेला सांगते की महाराजांनी कुठला अभंग घेतला आणि त्यावर काय सांगितलं. दोन तासांचं कीर्तन ती दहा मिनिटांत सांगते, दाखल्यांतला नेमका एक ठेवते, बाकी सोडते. तिच्या नातवाला हे येत नाही असं मी मानायला तयार नाही. शाळेत आल्यावर त्याच्याकडून ते मागितलं जात नाही, एवढंच.

लातूर पॅटर्नबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यातल्या शिक्षणाबद्दल बोलणं पुरं होत नाही. रोजचा सराव, रोजची चाचणी, त्याच दिवशी तपासणी, चुका पुन्हा सोडवून घेणं, हे सगळं इथल्या शिक्षकांनी घाम गाळून उभं केलं आणि शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर केली. मला त्याचा अभिमान आहे. पण ती सगळी ताकद आता चार पर्यायांतला एक निवडण्याच्या परीक्षांकडे गेली. त्या परीक्षेत एकही वाक्य लिहावं लागत नाही. बारावीला तिथली मुलं इंग्रजीचा पेपर शेवटच्या महिन्यात ‘काढून टाकायचा’ विषय म्हणून बघतात. तीच शिस्त, दिवसाला एक उतारा, पाच वाक्यांचा सारांश आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासून परत, अशी आठवीपासून लावली तर काय होईल याची कल्पना करा. हे करण्याची सवय आणि यंत्रणा राज्यात कुणाकडे असेल तर ती लातूरकडे आहे.

गरज नाही असंही नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर असतो, ३०० मार्कांचा, त्यात उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहायचा असतो. या पेपरात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेही जात नाहीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. बीड-परभणीची जी हजारो मुलं पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात अभ्यासिकांमधून बसलीत, त्यांना वयाच्या पंचविसाव्या वर्षी सारांशाचे क्लास लावावे लागतात. सातवीत फुकट शिकता आलं असतं ते.

याच सवयीचं टोक विद्यापीठांत दिसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. प्रबंधातलं दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम हवा होताच. पण ज्या संशोधकाला शाळेत ‘तुझ्या शब्दांत सांग’ असं कुणी म्हटलेलं नाही, त्याने या आकड्याचा अर्थ एवढाच घेतला की टक्का खाली आणायचा. मग सॉफ्टवेअरमधून परिच्छेद फिरवून घ्यायचा. शब्द बदलले, टक्का उतरला, काम झालं. फ्रेंच संशोधक गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ पासून अशा लिखाणाचा माग काढला, तेव्हा छापून आलेल्या शोधनिबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’ (छातीचं संकट) असे शब्द सापडले. हे जगभरचं दुखणं आहे, एकट्या मराठवाड्याचं नव्हे. पण त्यात आणि घरांना चालायला लावणाऱ्या माझ्या त्या विद्यार्थ्यात काय फरक आहे? दोघांनीही शब्द बदलले आणि अर्थाकडे पाहिलं नाही.

रेबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक १९९० च्या दशकापासून सांगत आल्यात की मूळ वाक्यात इकडेतिकडे शब्द बदलून केलेलं असं ठिगळाचं लिखाण सरसकट चोरी समजू नका. नवी भाषा, नवा विषय शिकणारा माणूस काही काळ असंच लिहितो. मला हे पटतं, आणि म्हणूनच मला आपल्या व्यवस्थेचा जास्त राग येतो. शिकण्याच्या वाटेवरचा हा एक मुक्काम आहे हे मान्य केलं, तर तिथून पुढे नेणं कुणाचं काम? दहावीत त्याच ठिगळांना मार्क, बीएला त्याच ठिगळांना मार्क, आणि पीएचडीला आल्यावर एकदम शिक्षा. मधल्या इतक्या वर्षांत कुणी हात धरला नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात असं यंत्र आहे की उतारा दिला की क्षणात सारांश देतं. मग मुलांनी डोकं का शिणवायचं, असं पालकही विचारतात. चॅटजीपीटीने दिलेला सारांश बरोबर आहे हे ठरवणार कोण? विम्याच्या अटींचा सारांश काढून घेतला आणि त्यात नेमकी ती एक अट, किती तासांत नुकसानीची सूचना द्यायची ती, सुटली, तर भरपाई यंत्राची बुडत नाही, शेतकऱ्याची बुडते. मूळ कागद आणि सारांश शेजारी ठेवून ‘हे सुटलंय’ असं म्हणता यायला हवं, आणि ते त्यालाच येतं ज्याने स्वतः अनेक सारांश काढलेत, त्यात चुका केल्यात, परत मूळ उताऱ्याकडे गेलाय. यंत्र आल्याने हे शिकायची गरज वाढली आहे. वर्गात त्याचा उपयोगही करता येतो: यंत्राचा सारांश फळ्यावर लिहा आणि मुलांना त्यात काय सुटलंय, काय जास्तीचं आलंय ते शोधायला सांगा. मोठ्या उत्साहाने शोधतात.

राहिला शिक्षकांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात रोज सत्तर सारांश कोण तपासणार? सगळे तपासायची गरज नाही. मला सगळ्यात उपयोगी पडलेली पद्धत अशी: अर्ध्या वर्गाला एक उतारा द्यायचा, उरलेल्या अर्ध्याला दुसरा. वाचून झाल्यावर उतारे गोळा करायचे. आधी जोडीदाराला मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत चार-पाच वाक्यं लिहायची, तीही लहान, येतील तशी. मग वह्यांची अदलाबदल. ज्याने तो उतारा वाचलेलाच नाही त्याने फक्त सारांश वाचून फळ्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तरं आली तर सारांश जमला. नाही आली तर कुठे अडलं ते तोच मुलगा लिहिणाऱ्याला सांगतो, आणि मास्तरांपेक्षा परखडपणे सांगतो: ‘तू हे लिव्हलंच नाहीस, मला कसं कळावं?’ एका तासिकेत बसतं. पहिलीच वाक्यं उतरवून काढायची सोय यात उरत नाही, कारण उतारा समोर नसतो.

शाळेत हे रुजायचं तर परीक्षेत त्याला किंमत हवी. मार्क नसलेलं शाळेत टिकत नाही हे आपण सगळे जाणतो. राज्य मंडळाने सारांशाच्या प्रश्नाची तपासणी अशी ठरवून द्यावी की उताऱ्यातून सलग उचललेल्या वाक्याला मार्क नाहीत, मग ते कितीही निर्दोष असो. नावं, आकडे, विषयातले ठरलेले शब्द तेवढे वगळावेत. निम्म्याहून जास्त मार्क मुख्य मुद्दे धरले की नाही यावर असावेत, त्यानंतर वाक्य मुलाचं स्वतःचं आहे का यावर, आणि व्याकरणाला उरलेले. नमुना उत्तर एकच छापू नये. तीन वेगवेगळी छापावीत, आणि त्यांपैकी एक साध्या, तुटक इंग्रजीतलं असावं, म्हणजे ‘नो रेन, पीपल लेफ्ट’ असं लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण नाही तरी घसघशीत मार्क द्यायचे आहेत हे तपासनीसाला नियमातच दिसेल. सहावी ते आठवीच्या तोंडी परीक्षेत एक इंग्रजी उतारा वाचून तो मराठीत सांगायचा प्रश्न घालावा. त्याला नवं पुस्तक लागत नाही, प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम लागत नाही. शिक्षकाने पाच मिनिटं गप्प बसून मुलाचं ऐकून घ्यायचं असतं.